गच्चीचा सौदा

आमच्या इमारतीचे चेअरमन कुणाच्या दारावरची बेल वाजवत नसत. दारासमोर उभे राहून खाकरत. आतून कुणी आलं नाही तर पुन्हा खाकरत, पण बटणाला हात लावत नसत. मी एकदा विचारलं, "आवं, मग बेल कशाला लावलीय लोकांनी?"

"आक्का, बेल वाजली की माणूस तोंड पुसून, हसू लावून दार उघडतंय. मला त्याच्या आधीचं तोंड बघायचं असतंय."

सगळा जन्म त्यांनी सांगलीच्या बाजारात हळदीची दलाली केली. बोटांची नखं पिवळी पडलेली, ती कुठल्याही साबणाने निघाली नाहीत. नवऱ्या मुलाची हळद आठवड्यात उतरते, यांची मरेपर्यंत उतरली नाही. गेल्या वर्षी ते वारले. वय झालं होतं, झोपेत गेले, त्यात हळहळण्यासारखं काही नाही. पण इमारतीत अजून कुणी दारात खाकरलं की मी हातातलं काम ठेवते.

जुन्या काळी बाजारात सौदे रुमालाखाली होत. माझ्या वडिलांनीही बैल तसाच विकलेला मी पाहिलाय. घेणारा आणि विकणारा समोरासमोर बसायचे, हातांवर रुमाल टाकायचा आणि खाली एकमेकांची बोटं दाबून भाव सांगायचा. तोंडाने पाऊसपाण्याच्या गप्पा. शेजारी बसलेल्याला पत्ता लागत नसे. पुढे ते बंद झालं, उघड बोली आली. चेअरमन उघड बोलीला बोंबाबोंब म्हणत. त्यांचं म्हणणं, दहा माणसांत माणूस भाव सांगत नाही, आपली ऐपत सांगतो.

धंदा सोडला तरी खांद्यावरचा रुमाल सुटला नाही. आकडा तोंडाने उच्चारायचा नाही ही सवयही सुटली नाही. जेवताना बायकोने "किती भाकरी टाकू?" विचारलं की हे बोट दाखवत. अर्धी हवी असली तर बोट मधूनच दुमडत. दूधवाला वैतागायचा. त्याला ते हात पुढे करायला लावत आणि रुमालाखाली बोटं दाबून किती दूध पाहिजे ते सांगत. "चेअरमन, दूध हाय, हळद न्हाई," तो म्हणायचा. "दूध हाय म्हणूनच," हे म्हणायचे. "वरच्या मजल्यावर कळलं तर म्हणतील, पाहुणे आले वाटतं."

मजल्यांना ते मजले म्हणत नसत. पोत्यांच्या थप्प्या लावण्यात आयुष्य गेलेलं, त्यामुळे पहिली थप्पी, दुसरी थप्पी. मी पहिल्या थप्पीवर, ते दुसरीवर, आणि तिसरीवर मेजर. त्याच्या वर गच्ची. खाली तळाला निम्मी जागा गाड्यांची आणि निम्म्या जागेत एक घर. ते घर नसीमाचं.

नसीमा ब्लाऊज शिवते. हात चांगला आहे, शेजारच्या गल्लीतल्या बायकाही तिच्याकडेच येतात. नवरा सलीम टेम्पो चालवतो, हंगामात तासगावकडे द्राक्षाच्या पेट्या नेतो. दोन मुली शाळेत. कृष्णेला पूर आला की पाणी आधी तिच्या घरात येतं. आम्ही वरचे गॅलरीत उभं राहून पाणी किती चढलं ते बघतो, आणि ती मशीन, शिधा, मुलींची दप्तरं घेऊन माझ्या घरी येते. मागच्या महापुरात पाणी तिच्या माळ्याला लागलं. गिऱ्हाइकांचं कापड चिखलात गेलं. ओसरल्यावर चेअरमन खाली गेले, तिच्या भिंतीचा गिलावा नखाने खरवडला, चिमटीत चुरला, हुंगला आणि जिभेवर ठेवला. इमारत तपासायला सोबत आलेला इंजिनिअर पोरगा बघतच राहिला.

"अहो, हे काय करताय?"

"माल बघतोय," चेअरमन म्हणाले. "भिंत आतून ओली हाय. आता ही सुकत न्हाई."

मग बाहेर येऊन आम्हा सगळ्यांना म्हणाले, "खालच्या थप्पीला ओल लागली की वरच्या थप्पीनं हसू नये."

इमारत जुनी झालीच होती. गिलावा पडत होता, पाइप गळत होते, दुरुस्ती कधीतरी करायचीच होती. इंजिनिअरने तपासून सांगितलं की खांब चांगले आहेत. त्याने सुचवलं, दुरुस्तीतच खालचं घर काढून टाका, तळ मोकळा ठेवा, पाणी येईल आणि जाईल. नसीमाला गच्चीच्या अर्ध्या भागावर हलक्या विटांचं घर बांधून द्या. सरकारी परवानगी मिळते. पण गच्ची सगळ्यांची, म्हणून सगळ्यांनी हो म्हणायला पाहिजे. आणि काम पुढच्या पावसाच्या आत झालं पाहिजे, नाहीतर नसीमा आणखी एक पावसाळा त्या ओल्या भिंतीत.

गाड्यांच्या जागेत खुर्च्या टाकून सभा झाली. मेजर उठले. ते मूळचे खंडाळ्याकडचे, फौजेतून निवृत्त. बोलायला उभे राहिले की खाली बसलेल्यांनाही ताठ बसावं लागतं. "आपल्या बहिणीवर संकट आलंय आणि आपण गच्ची मोजत बसायची? माझा पूर्ण पाठिंबा!" टाळ्या पडल्या. मग प्रत्येकाने उठून तेच सांगितलं. कुणी म्हणालं माणुसकी, कुणी म्हणालं शेजारधर्म. नसीमा भिंतीला टेकून उभी होती. सभा संपायच्या आत सलीम पेढे घेऊन आला. दुसऱ्या दिवशी तिने फुगलेलं लाकडी कपाट भंगारवाल्याला देऊन टाकलं, वर नवीन घ्यायचं म्हणून.

चेअरमननी ठराव मात्र लिहू दिला नाही.

"का?" इंजिनिअरने विचारलं. "सगळ्यांचं हो आहे."

"लय लवकर हो आलं. घासाघीस न करता भाव मिळाला की समजायचं, गिऱ्हाईक घ्यायला आलेलंच न्हाई."

इमारतीचा मोबाइलवर ग्रुप होता. तिथंही सगळ्यांनी वर केलेले अंगठे पाठवले. चेअरमननी मोबाइल माझ्यासमोर धरला. "हे बघा. सगळ्यांनी अंगठा दाखवलाय."

आणि मग त्यांनी रुमाल काढला. म्हणाले, प्रत्येकाचा हात बघणार. नुसता घरमालकाचा नाही, घरातल्या प्रत्येक कर्त्या माणसाचा. एक बोट दाबलं तर हो, दोन दाबली तर नाही, आणि मूठ दिली तर सौदा मोडला, पुढे विचारू नका. पण बायकांचे हात ते कसे धरणार? माझ्याकडे आले.

"तुमची बायको काय करतीय?" मी विचारलं.

"तिला बसवलं तर संध्याकाळच्या आत माधवनगरपर्यंत कळंल. तुम्ही बसा आक्का. तुम्ही विधवा, म्हाताऱ्या, तोंडाच्या फटकळ. तुमच्याबद्दल कोण काय बोलणार न्हाई. बोललं तर तुम्ही त्याला सोडणार न्हाई."

"आणि माझा हात कोण बघणार?"

"आत्ता मीच बघतो की."

"माझ्या तोंडाला काय झालंय? माझं हो आहे. सभेत हो होतं, आत्ताही हो आहे."

ते हसले. "तुमच्यासारखी गिऱ्हाइकं असती तर मी उपाशी मेलो असतो."

मग ते पुरुषांकडे गेले आणि मी बायकांकडे. मी त्यांचाच एक रुमाल घेतला होता, हळदीच्या वासाचा. चहा प्यायचा, पोराबाळांचं विचारायचं आणि रुमालाखाली हात द्यायचा. बायका आधी हसायच्या. पण रुमाल पडला की हात गंभीर होतो. तोंड हसत राहतं आणि हात आपलं काम करतो. ते बघून मला चेअरमन पूर्ण वेडे नाहीत असं वाटायला लागलं.

एक घोटाळा झाला. दुसऱ्या मजल्यावर तासगावचे एक बागायतदार आहेत, मुलांच्या शिक्षणासाठी घर घेऊन ठेवलंय. बेदाण्याच्या बाजारात मुरलेला माणूस. चेअरमननी रुमाल टाकल्याबरोबर त्यांनी एक बोट नाही, दोन नाही, भराभर बोटं दाबली आणि वर अर्धं बोट. चेअरमन गोंधळले. नंतर कळलं की गडी समजला होता, गच्ची विकायला काढलीय. तो भाव सांगत होता.

संध्याकाळी चेअरमन माझ्या स्वयंपाकघरात आले, पाटावर बसले. त्यांनी पुरुषांचं सांगितलं, मी बायकांचं. सभेत टाळ्या वाजवणाऱ्या बहुतेक हातांनी दोन बोटं दाबली होती. मेजरांनीसुद्धा. आणि मेजरांच्या सुनेने, शालनने, मूठ दिली होती.

मी म्हटलं, "लिहून टाका ठराव. सभेत सगळे हो म्हणालेत, सह्या करायला कुणी मागं हटणार नाही. लाजेनं करतील. एकदा भिंत उभी राहिली की लोक विसरतात."

"विसरत न्हाईत."

"त्या पोरीचा पावसाळा काढायचा आहे चेअरमन. तुमचा बाजार काय घेऊन बसलाय?"

"आक्का, खालचं पाणी काही वर्षांनी एकदा येतंय. वरच्यांचा राग तिला रोज जिन्यात भेटंल. कुठलं बरं?"

मला पाणी वाईट वाटत होतं. अजूनही वाटतं. जिन्यातल्या रागाने कुणाचं कापड भिजत नाही. पण त्यांनी पाटावर बोट आपटून सांगितलं, "न्हाई हा पहिला भाव असतोय. शेवटचा न्हाई. आता घासाघीस सुरू."

सकाळी नसीमा त्यांना जिन्यात भेटली. "चेअरमनचाचा, गवंडी कधी येणार?"

"भाव ठरू दे."

"कसला भाव? सगळे हो म्हणालेत ना?"

"म्हणालेत," चेअरमन म्हणाले आणि खाली उतरून गेले. नसीमा माझ्याकडे बघायला लागली. मी कचऱ्याचा डबा उचलला.

दुसरी फेरी वेगळी होती. यात बोटांना अर्थ नव्हता. रुमालाखाली नुसता हात धरायचा आणि बोलत राहायचं. चेअरमनचं म्हणणं, अडचणीच्या गोष्टीपाशी आलं की हात आवळतो आणि त्यावर तोड निघाली की सैल पडतो. हात सैल पडेपर्यंत बोलायचं. मला हे थोतांड वाटलं होतं. पण मेजरांच्या वेळी मी तिथंच बसले होते. चेअरमन आधी पाण्याच्या टाकीबद्दल बोलले, मग भिंतीला ओल येईल का याबद्दल, मग आवाजाबद्दल. काही नाही. मग सहज म्हणाले, "आवं मेजर, पंधरा ऑगस्टला झेंडा कुठं लावणार मग?" आणि रुमाल एकदम ताणला गेला. दर वर्षी गच्चीवर पूर्वेच्या कोपऱ्यात ते एकटे झेंडा लावतात, एकटेच सलामी देतात. खाली आम्हाला साखर वाटतात. घर बांधलं की नेमका तो कोपरा जाणार होता.

"एवढ्याशा गोष्टीसाठी मी नाही म्हणालो असं कुणाला सांगू नका," मेजर म्हणाले.

"कोण काय म्हणालं? मी तर झेंड्याचं विचारतोय," चेअरमन म्हणाले. इंजिनिअरला सांगून घर पश्चिमेला सरकवलं. इंजिनिअरने कारण विचारलं. "भाव ठरलाय," एवढंच उत्तर.

माझ्या शेजारच्या वहिनी कोयनानगरच्या वसाहतीत वाढलेल्या. अजून झोपताना पाय दाराकडे करून झोपतात, भूकंप झाला तर पळता यावं म्हणून. त्यांना गच्चीवर वजन नको होतं. नवऱ्याला सांगायची चोरी, तो म्हणायचा तुझं भूकंपाचं खूळ. मी त्यांचा हात धरला होता तेव्हा वजनाचं नाव काढल्यावर हात बर्फ झाला. मी चेअरमनना सांगितलं, "ह्यांना उत्तर तुम्ही नाही, इंजिनिअरने द्यायचं." तर त्या पोराला त्यांनी वहिनींच्या स्वयंपाकघरात आणून बसवलं. त्याने आधी कागदावर काढून दाखवलं. वहिनी म्हणाल्या, मला कागदातलं कळत नाही. मग त्याने स्टीलचे डबे एकावर एक रचले, वर रिकामा छोटा डबा ठेवला, आणि वहिनींना म्हणाला, हलवा टेबल. वहिनींनी असं टेबल हलवलं की मधला गव्हाचा डबा खाली आला आणि वरचा रिकामा घरंगळत जाऊन टेबलावरच थांबला. "म्हणजे पडायचं असलं तर आधी माझंच पडेल," वहिनी म्हणाल्या. इंजिनिअर घामाघूम. पण त्याच मग हसायला लागल्या आणि त्याला विचारत बसल्या, माझ्या मजल्याला आणखी काय करता येईल. त्याने खांबांना गिलाव्याखालून जास्तीचा आधार दुरुस्तीत धरला. तो आधी धरला नव्हता. वहिनींचा हात त्यानंतर सैल पडला.

कुणाला पापड-कुरडया वाळवायला ऊन पाहिजे होतं, त्यांच्यासाठी दक्षिणेची बाजू सोडली. बागायतदारांना घरच्यापुरते मनुके पसरायला जागा पाहिजे होती. वर्षानुवर्षे ते न विचारता निम्मी गच्ची वापरत होते, म्हणून उघड बोलायची सोय नव्हती. अशी एकेक गाठ सुटत गेली आणि नसीमाचं घर कागदावर इकडून तिकडे सरकत राहिलं. उन्हाळा पण सरकत होता.

राहिली शालनची मूठ.

मी तीन वेळा गेले. तिन्ही वेळा चहा, तिन्ही वेळा हसणं, आणि रुमालाखाली मूठ. ही बाई घरात सगळ्यांचं करते. सासरे मेजर वेळेवर उठतात, वेळेवर जेवतात. नवरा दुपारपाळीला जातो, सासूचे गुडघे दुखतात. तिच्या तोंडातून मी कधी मोठा शब्द ऐकला नाही. चेअरमन म्हणाले, "मूठ म्हणजे दोन गोष्टी असत्यात. एक तर माल द्यायचाच न्हाई, न्हाईतर कारण सांगण्यासारखं न्हाई."

"कारण काय असायचं?" मी म्हटलं. "डोक्यावर मुसलमानाचं घर नको असेल."

"असंल. जातीचा नकार कुणी बोटानं दाखवत न्हाई, मूठच दाखवतोय. पण मूठ उघडल्याशिवाय मी तसं धरणार न्हाई."

इकडे मेजर म्हणायला लागले, बाकी सगळ्यांचं झालंय ना, मग ठराव घ्या. त्यांना माहीत नव्हतं की मूठ त्यांच्याच घरात आहे. चेअरमननी त्यांनाही सांगितलं नाही. म्हणाले, "पोत्यात एक ओलं हळकुंड राहिलं तर सगळं पोतं कुजतंय. थांबा." मेजर चिडले. "तुम्ही काम अडवताय!" "व्हय, अडवतोय," चेअरमन म्हणाले. त्या दिवसापासून दोघं जिन्यात एकमेकांना वाट देत नव्हते.

आणि एका सकाळी नसीमा माझ्याकडे आली. हातात मापाची टेप, गळ्यात टाकायची विसरलेली. म्हणाली, "सलीम म्हणतो, मिरजेला दिराकडे जाऊ. एक खोली देतो म्हणाला."

"आणि तुझी गिऱ्हाइकं?"

"गिऱ्हाइकं मिरजेला येतात व्हय? मुलींची शाळा इथं आहे." मग माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली, "आक्का, तुम्ही खोटं बोलत नाही म्हणून विचारते. लोकांना मी वर नको आहे का?"

मला खोटं बोलता येतं. लागलं तर सगळ्यांनाच येतं. पण रुमालाखालचं बाहेर काढायचं नाही हे मी चेअरमनना कबूल केलं होतं.

"सौदा चालू आहे," मी म्हटलं. "मोडलेला नाही. मिरजेला अजून कळवू नको."

त्याच दुपारी मी गच्चीवर गेले. उन्हात जिने चढले, गुडघ्यांना शिव्या घालत. आधी म्हटलं, शालनला स्पष्ट विचारायचं आणि काय ते तोंडावर ऐकायचं. तिच्या घराचं दार लोटलेलं होतं. सासू आत घोरत होती, शालन नव्हती. ती सापडली वर, पाण्याच्या टाकीच्या मागे. तिथं टाकीची सावली पडते, भर दुपारी तेवढी एक जागा गार असते. पोतं अंथरून बसली होती. पाय पसरलेले, पदर बाजूला, आणि काहीही करत नव्हती. निवडत नव्हती, शिवत नव्हती, मोबाइलही नव्हता. मला बघून झटकन उठायला लागली.

"बस बस. मीच बसते," मी म्हटलं आणि बसले. धाप लागली होती. "हेच का?"

तिने पदर सारखा केला.

"हेच ना? घर झालं की ही जागा जाणार."

"आक्का, घरात सांगू नका."

"काय सांगायचंय? बसली होतीस हे?"

"लग्न होऊन आले तेव्हापासून मी दुपारची इथं येते. थोडा वेळच. इथं मला कुणी हाक मारत नाही." मग पायाच्या बोटांकडे बघत म्हणाली, "नसीमाचं घर व्हावं. मला नको असं नाही. पण हे कुणाला सांगणार? सासरे म्हणतील, घरात एवढ्या खोल्या आहेत, बसायला कोण नाही म्हणतंय? आणि खरंच, कोण नाही म्हणतंय?"

मी तिला उपदेश केला नाही. नवऱ्याशी बोल, सासूला सांग, असलं काही म्हटलं नाही. लोक बोलल्याने बदलत नाहीत. मीही तिच्यासारखे पाय पसरले. जागा खरंच गार होती. माझ्या घरात पंख्याखाली इतकं बरं वाटत नाही.

खाली आल्यावर चेअरमनना सांगितलं, "टाकीमागची जागा सोडा. जिन्यातून तिथं जायला वाट ठेवा. का ते विचारू नका."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. एवढा चौकस माणूस, पण विचारलं नाही. रुमालाने मान पुसली आणि म्हणाले, "मूठ उघडली?"

"उघडली."

"आत काय होतं ते जातीचं न्हवतं?"

"नव्हतं."

"मग झालं."

इंजिनिअर मात्र ऐकेना. ती जागा सोडली तर नसीमाचं स्वयंपाकघर आखडतं, ओटा लहान होतो. इतक्या वेळा नकाशा बदललाय, आता पुरे. चेअरमन म्हणाले, "ती घेणार हाय, तिला विचारू." नसीमाला वर बोलावलं. मी रुमाल काढला, रीतीप्रमाणे.

"रुमाल नको आक्का," ती म्हणाली. इंजिनिअरच्या कागदाकडे बघितलं, मग टाकीकडे बघितलं. "ओटा लहान चालेल. मशीन ठेवायला जागा झाली म्हणजे झालं." मग कागदावर बोट ठेवलं. "ही खिडकी कुणीकडे उघडते?"

"टाकीकडे," इंजिनिअर म्हणाला. "वारा त्याच बाजूने आहे."

"ही बुजवा. दुसरीकडे करा."

"अहो, मग स्वयंपाकघरात वारा येणार नाही."

"नको यायला."

इंजिनिअर तरी 'का, का' विचारत राहिला. नसीमा जिन्याकडे वळली. जिना उतरताना मला एकटीला म्हणाली, "दुपारी कपडे काढायला मी पण वर जाते आक्का. मला बघून ती उठू नये म्हणून कितीदा मी तशीच परत आलेय." म्हणजे आम्ही रुमाल घेऊन तीन-तीन वेळा ज्याच्या मागे हिंडलो ते हिला आधीच ठाऊक होतं. मी ते चेअरमनना सांगितलं नाही. त्यांना धंद्याचा अभिमान होता.

तिसरी फेरी नुसती नावाला झाली. सगळ्या हातांनी एक बोट दाबलं. शालनने तर इतकं जोरात दाबलं की माझं बोट दुखलं. ठराव लिहिला गेला, मेजरांनी पहिली सही केली आणि चेअरमनशी बोलायला लागले. काम सुरू झालं. चेअरमन रोज विटा हुंगायचे, गवंडी मागून हसायचे. पावसाच्या आत छत झालं, फरशी राहिली. नसीमाने फरशीची वाट बघितली नाही, सिमेंटच्या कोब्यावरच सामान टाकलं. तिची गिऱ्हाइकं आता एवढे जिने चढायला नकोत म्हणून कापडाच्या पिशव्या माझ्याकडे ठेवून जातात आणि तयार ब्लाऊज माझ्याकडूनच नेतात. माझं घर दुकान झालंय. मी कुरकुर करते, पण बायका चार गोष्टी सांगून जातात.

त्या पावसाळ्यात कृष्णेचं पाणी इमारतीच्या तळात आलं. फार नाही, गुडघाभर. गाड्या आधीच काढल्या होत्या. पाणी खांबांमधून फिरलं आणि गेलं. नसीमाने वरून बघितलं. आमच्यासारखी, स्वतःच्या घरातून, ती पहिल्यांदाच बघत होती.

फरशी बसल्यावर तिने सगळ्यांना जेवायला बोलावलं. खीर केली होती. सगळे दाटीवाटीने बसले. मेजर माणुसकीवर बोलले. शालन वाढायला मदत करत होती. जेवणं आटपत आली तेव्हा नसीमा चेअरमनच्या पुढ्यात येऊन बसली, खिरीचं भांडं मांडीजवळ.

"चाचा, आता घर झालं. आता सांगा. पहिल्या खेपेला रुमालाखाली किती जण नाही म्हणाले होते?"

मेजरांनी पाण्याचा पेला उचलला आणि तो तोंडाला लावायचं विसरले. बागायतदार फरशीचा सांधा बघत होते. कुणीच कुणाकडे बघेना. चेअरमननी बोटं चाटली, रुमालाला पुसली आणि सावकाश म्हणाले,

"सभेत सगळे हो म्हणाले होते. तू होतीस की तिथं."

"ते मला माहीत आहे, चाचा. म्हणून तर विचारतेय."

"आक्कांना विचार," चेअरमन म्हणाले. "त्यांना खोटं बोलता येत न्हाई."

नसीमा माझ्याकडे वळली. सगळी खोली माझ्याकडे वळली.

मी वाटी पुढे केली. म्हटलं, "खीर वाढ. वेलदोडा चांगला लागलाय."

तिने क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि वाढली, काठोकाठ. मग पळी तशीच हातात धरून उठली आणि पंगतीत एकेकाच्या पुढे जाऊन वाढत गेली, कुणालाही किती हवी ते न विचारता.